गळत नाही, पण तापतं

औसा तालुक्यात आमच्याकडे कुणी पाया खोदायला घेतला की पारावरून पहिला प्रश्न येतो, "स्लॅब का पत्रा?" खोल्या किती, दार कुठल्या तोंडाला, पैसे कुठून आणले, हे सगळं नंतर. या एका उत्तरातून माणसाची ऐपत, गेल्या दोन सालांत सोयाबीननं त्याला दिलेली साथ आणि घरात लग्नाचं पोरगं आहे की नाही, एवढं पार ओळखतो. "स्लॅब" म्हटलं की माना डोलतात. "पत्रा" म्हटलं की आवाज एकदम मऊ होतो, "चालतंय की. सध्या पत्रा टाका, पुढं बघता येईल."

दुसरा प्रश्न घरधनी मिस्त्रीला विचारतो, आणि तोही ठरलेला असतो. "गळणार नाही ना?"

यंदा आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोल्या पाडून नव्यानं बांधायचं ठरलं आणि हे दोन्ही प्रश्न आमच्याही ओट्यावर येऊन बसले. अण्णांना स्लॅब हवा होता. दादालाही स्लॅबच हवा होता, फक्त त्याची कारणं वेगळी होती. आईला काय हवंय ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "दुपारी घटकाभर पाठ टेकता आली पाहिजे, बस." छताविषयी मराठवाड्यात याहून नेमकी मागणी कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

हिशेबच बघा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आमच्याकडे बऱ्या सालाला सातशेच्या आसपास, आणि तोही पन्नासेक दिवसांत आटोपतो. ऊन मात्र शिमग्यापासून मृग निघेपर्यंत हलत नाही. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गोळा होते. त्या वेळी भिंतींना ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळं छत झेलतं, दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास, म्हणजे छतावर चौरस मीटरागणिक एकेक इस्त्री चालू करून ठेवावी तसं.

तरीही मिस्त्रीला आपण विचारतो ते पावसाचं. गळती दिसते, भिंतीवर तिचा डाग उरतो, पाहुणा वर बघतो तेव्हा मान खाली जाते. उकाड्याचं कुणाला काही वाटत नाही. तो शेजाऱ्याच्या घरातही तेवढाच असतो.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं म्हणण्याचा मोह होतो, आणि अर्ध्यापर्यंत ते खरंही आहे. आमचं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलच, म्हणजे लाकडाच्या फोडी, दाटीनं अंथरलेली, तिच्यावर पाला आणि मग माती. माती कुठलीही चालत नसे. शेतातली काळी टाकली तर पावसात फुगते आणि उन्हात तिला बोटबोट भेगा पडतात. म्हणून पांढरी माती, गावठाणातली, पडक्या गढीच्या कडेची, पिढ्यांच्या राखेनं आणि पडझडीनं बनलेली. ती चोपली की बसते आणि पाणी सहजी आत घेत नाही. वर किंचित उतार, उताराच्या शेवटी पन्हाळ, मध्ये उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी साणं, आणि पाऊस आला की त्या साण्यावर पालथं घमेलं.

एवढ्या जाड मातीतून दुपारचं ऊन खाली उतरायला रात्र होते. तोवर घरातली माणसं शिडी चढून माळवदावर अंथरुणं टाकून मोकळी झालेली असतात. दिवसा घर खालून वापरायचं आणि रात्री वरून. कुरडया, पापड, मिरच्या, शेंगा, सगळं तिथंच वाळायचं, आणि आम्ही पोरं गल्लीच्या या टोकाला चढून त्या टोकाला उतरायचो.

गावाकडच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण इथं थांबतात. किलचीतून अंगावर पडणारा विंचू, तुळईला लागलेली वाळवी, छताच्या पाल्यात घरटी करणारे उंदीर आणि उंदरांमागे येणारा पाहुणा, यांतलं काही लिहिण्यात येत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वजन. दरवर्षी मृगाआधी आजोबा बैलगाडीनं पांढरी आणून वर टाकायचे. गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, नवा थर टाकून चोपायचा. आदल्या वर्षीची माती खाली काढायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण गळती थांबवायचा तोच एक खात्रीचा मार्ग होता. अशा रीतीनं पिढी-दोन पिढ्यांत फुटाचा थर दोन फुटांकडे सरकायचा. फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात. दोन फूट म्हणजे टनभर. घर गळत नव्हतं, म्हणून सगळे निवांत होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं होती. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. त्या भूकंपाचं किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. त्याविषयी एवढं लिहून आलंय की मी इथं फक्त छताचं बोलतो. भिंती दोन-अडीच फुटी, कधी त्याहून जाड, आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मध्ये माती-खडी. दोन्ही थरांना सांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला. हादऱ्यानं हे थर फाकले. जिथं लाकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता तिथं पुष्कळदा छत वर तोललेलं राहिलं आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. जिथं तुळया नुसत्या भिंतीवर टेकवलेल्या होत्या तिथं भिंतीमागोमाग वरची सगळी माती खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. भूकंपाचं बळ घराच्या वजनाच्या प्रमाणात लागतं, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यातलं वाक्य आमच्याकडे असं शिकवलं गेलं. गावाबाहेर पाचटाच्या, कुडाच्या छपरात राहणाऱ्या गरिबांवर पडायला वर काही नव्हतंच.

भूकंपाआधी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ च्या सुधारित भूकंप संहितेत तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. आणि नकाशा बदलायच्या कितीतरी आधी लोकांनी आपापली छतं बदलली. आमच्या घराच्या एका भिंतीला फक्त पोट सुटलं होतं, पण आजोबांनी त्याच हिवाळ्यात माळवदाची सगळी माती उतरवून घेतली आणि वर पत्रा टाकला. तेव्हापासून आमच्या घरात भूकंपाची भीती कमी झाली आणि दुपारी कुणी आत थांबेना.

पत्र्याविषयी मला खरं तर आदर आहे. नालीदार पत्र्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या लंडनच्या अभियंत्यानं १८२९ मध्ये घेतलं. सपाट असता तर हातानं वाकला असता असा पत्रा नुसत्या घड्यांमुळे माणसाचं वजन पेलतो, ही कल्पना साधी आणि जबर आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलो भरतो. माळवदाच्या शंभराव्या हिश्श्याइतका. भूकंपात तो कुणाचा जीव घेणार नाही. वादळात मात्र घेऊ शकतो, कारण जो हलका तोच उडतो. आमच्याकडे पत्र्यावर दगड ठेवायची रीत आहे, आणि ती पाहिली की माझ्या अंगावर काटा येतो. वावटळीत पत्रा उचलला की तो दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात. त्यापेक्षा कैची, म्हणजे पत्र्याखालचा सांगाडा, भिंतीत नीट गाडावी, पत्रा इंग्रजी 'जे' अक्षरासारख्या हुकांनी आवळावा, भोक नालीच्या उंचवट्यावर पाडावं म्हणजे पाणी भोकावर साचत नाही, आणि वायसर रबरी घ्यावं. पत्रा घेताना गेजचा आकडा उलटा चालतो हेही ध्यानात असू द्यावं, आकडा मोठा तसा पत्रा पातळ. दुकानात "भारीतला अठ्ठावीसचा" असं कुणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जावं.

पण ऊन? पत्र्याला थांबणं ठाऊक नाही. सूर्य वर आला की तो तापला, ढग आला की निवला. खाली मधला थर नसेल तर दुपारी ते घर राहण्याच्या लायकीचं नसतं. लोक थर्माकोल लावतात, पीव्हीसीचं सीलिंग करतात. हल्ली पफ पॅनेल आलंय, दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं. ते चांगलं आहे, पण साध्या पत्र्यापेक्षा बरंच महाग पडतं. कोंबड्यांच्या शेडवर उन्हाळ्यात पाचट टाकून त्यावर पाणी मारतात. माणसांच्या घरावर कुणी टाकत नाही, लोक हसतील म्हणून. कोंबडीची काळजी आपण बाजारभावाच्या हिशेबानं करतो, हा भाग वेगळा.

सिमेंटचा पत्रा थोडा कमी तापतो, म्हणून अजूनही खपतो. त्याला माझा साफ विरोध आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं विकले गेलेले बहुतेक सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत, आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा कुठलाही प्रकार कर्करोगाला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नासहून जास्त देशांत त्यावर बंदी आहे. आपल्याकडे तो गोठ्यावर, शेडवर बिनधास्त पडतो आणि बसवताना पोरं तोंडाला रुमालही न बांधता तो कापतात. ज्यांच्या घरावर आधीच आहे त्यांनी निदान त्याला करवत, ड्रिल लावू नये आणि फुटलेले तुकडे रस्त्यात भर म्हणून टाकू नयेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा शिवारात असे तुकडे कितीतरी दिवस पडून होते.

कौलांचं थोडक्यात उरकतो. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि तिकडच्या पावसाला ते कौल शोभतं. आमच्याकडे उतरत्या छताची गरज पावसानं कधी लावलीच नाही. त्यात वानरांच्या टोळ्या. एका दुपारीत वर्षाची कौलं फुटतात.

राहिला स्लॅब. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातो. म्हणजे पत्र्याच्या साठ-सत्तर पट, पण जुन्या माळवदापेक्षा हलका, आणि कॉलम-बीममध्ये नीट गुंफला तर घराला वरून बांधून ठेवणारा. १९९३ नंतर लोकांचा जीव त्यावर बसला यात नवल नाही. शिवाय "पत्र्याच्या घरात पोरगी कोण देणार?" हे दादाचं कारण होतं, आणि त्याला उत्तर देणं मला जमलेलं नाही. पुतण्या आता लग्नाचा झाला. पाहुणे येतात तेव्हा आधी वर बघतात, मग पोराकडे. घरकुलात मूळचे एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि पंचवीस चौरस मीटर तरी बांधायचं असतं. तेवढ्यात स्लॅब ओढायचा म्हणून माणसं सावकाराच्या दारात जातात, तीही याच एका वाक्यापायी.

स्लॅब पडतो तो दिवस तर सणाचाच. पहाटेपासून मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, भावकीतली पोरं मदतीला, संध्याकाळी मटण. मग वर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं. बांधकामाच्या संहितेत किमान मुदत साध्या सिमेंटला सात दिवस, कोरड्या-उष्ण हवेत दहा. आमच्याकडे पाणी असेल तर लोक दोन-तीन आठवडे भरतात आणि नसेल तर टँकर सांगतात. पाणी भरण्यात आळस केलेला स्लॅब पुढं जन्मभर गळतो. मग लोक "गळणार नाही ना?" म्हणून दरवर्षी डांबर फासतात, आणि काळ्या डांबरानं तो आणखी तापतो.

तापण्याच्या बाबतीत स्लॅबची गोष्ट विचित्र आहे. ऊन काही तास अडवण्याइतका तो जाड आहे, पण रात्र निघेपर्यंत अडवण्याइतका नाही. त्यामुळे दुपारी थोडं बरं वाटतं आणि दिवेलागणीला, जेव्हा बाहेर वारा सुटलेला असतो, तेव्हा तो खाली ओतायला लागतो. पंखा लावला की छताजवळची तीच गरम हवा अंगावर येते. मध्यरात्रीपर्यंत स्लॅबला खालून हात लावला तर चटका नाही, पण ताप जाणवतो. पुनर्वसनातल्या गावांत फिरताना पक्क्या घरांपुढे खाटा आणि पत्र्याच्या, तुराट्यांच्या पडव्या दिसतात, त्या उगाच नाहीत.

यावर उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला पन्हाळीकडे उतार, आणि वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक. कोबा ऊन अडवतो, पांढरा रंग ते परत पाठवतो. कोब्याचं वजन मात्र इंजिनिअरला आधी सांगावं लागतं, नाहीतर आपण पुन्हा आजोबांच्या मातीवर आलो. एवढा खर्च नसेल तर नुसती चुन्याची सफेदी. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ मध्ये झोपडपट्ट्यांची छतं पांढरी करायचा कार्यक्रम घेतला. तेलंगणानं २०२३ मध्ये त्याचं धोरणच केलं, आणि तेलंगणाची हद्द नांदेड जिल्ह्याला लागून आहे. घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असं सांगतात. त्रेचाळीसच्या दुपारी दोन अंशसुद्धा काय असतात ते आईला विचारा. अडचण एकच, आमच्याकडची धूळ. चुना एका पावसाळ्यात उतरतो आणि पांढरं छत फुफाट्यानं भुरकं होतं, म्हणून दर पाडव्याच्या सुमाराला पुन्हा हात मारावा लागतो. माळवदाला दरवर्षी माती लागायची. याला चुना लागतो, आणि त्याचं वजन साठत नाही.

मी आणखी एक सुचवून बघितलं. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळयांच्या जाळीत कौलं बसवायची, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे पुष्कळ केलं. खालच्या भागातला ताण सळया घेतात, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन म्हणून असतं, त्याजागी कौल आलं तर स्लॅब हलका होतो आणि थोडा थंडही. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं बरोबर असंल. पण स्लॅबात कौलं घातली म्हणून गावात झालं तर मला परत कुणी काम सांगायचं न्हाई." विषय तिथंच संपला.

शेवटी जे ठरलं त्यात सगळ्यांचं थोडं थोडं आलं. दोन खोल्यांवर स्लॅब, वर कोबा आणि पांढरं मोझॅक. मागच्या पडवीवर रंगीत पत्रा, हलक्या रंगाचा, आणि त्याच्या खाली वीतभर पोकळी सोडून बांबूवर तुराट्यांचं छत, मातीनं सारवलेलं. पडवी उत्तरेकडे उघडी, म्हणजे आईची खाट तिथं. वाळवीचं काय, असं वहिनीनं विचारलं आणि ते रास्त आहे. दर दोन-तीन वर्षांनी तुराट्या बदलायच्या, शेतात नाहीतरी जाळतोच. चूल मात्र त्या बाजूला नको, यावर दुमत नव्हतं.

उतार सगळा एका कोपऱ्याकडे काढलाय, तिथून पाइप खाली टाकीत. चौरस मीटरवर मिलिमीटरभर पाऊस म्हणजे लिटरभर पाणी. आमच्या खोल्यांचं छत साठ चौरस मीटर, सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी तेहेतीस हजार लिटरच्या वर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते ज्यानं पाहिलंय त्याला हा आकडा पाठ करावा लागत नाही. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, छत धुऊन निघतं. सौर पॅनेलसाठी दक्षिणेकडची बाजू मोकळी ठेवली आहे. तीन किलोवॉटला केंद्राचं अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान मिळतं आणि तीनशे चौरस फूट जागा लागते. शिवाय पॅनेलखाली सावली फुकट.

आता भांडण उरलंय ते सळयांचं. दादाला कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर तीन-तीन फूट तशाच सोडायच्या आहेत, पोरगं उद्या वर मजला चढवील म्हणून. गावात अशा सळया घरोघरी उभ्या आहेत, गंजून तांबड्या झालेल्या, कुठं त्यांना दोरी बांधून धुणं वाळतंय. माझं म्हणणं, वरचा मजला खरंच घ्यायचा असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच तेवढ्या वजनाचे करा, सळयांना सिमेंटचं पाणी लावून वर विटांचं आवरण घाला. घ्यायचा नसेल तर कापा, त्या फटीतून पाणी आधी कॉलमात आणि मग स्लॅबात उतरतं. दादा म्हणतो, कापलेल्या सळया बघून पाहुणे काय समजतील? अण्णा दोघांचंही ऐकतात आणि काही बोलत नाहीत. मिस्त्री सोमवारी सेंट्रिंग लावायला येणार आहे.